तळाचा शिक्का आणि कपाचा नाद

पत्र

‘न्यूरेम्बर्गला येऊन मला चार वर्षं झाली, मूळची मी सांगलीची. मे महिन्यात इथल्या ट्रेम्पेलमार्क्टच्या जुन्या बाजारात एका आजोबांकडून कॉफीसेट घेतला. पॉट कमरेत बारीक, डमरूसारखा. पांढऱ्यावर करड्या-पिवळ्या पानांची नक्षी, कडेला सोनेरी रेघ, तळाला रोझेन्थालचा शिक्का. “रेमंड लोवीचा आहे, १९५४चा,” असं आजोबा म्हणाले. पॉट, दूधदाणी, साखरदाणी, पाच कप, सहा बश्या आणि केकच्या चार ताटल्या मिळून अठरा नग. घरी आल्यावर दिसलं की पॉटच्या शिक्क्यावर कुणीतरी आडवी रेघ ओढली आहे, एक कप बद्द वाजतो, तीन कपांवरचं सोनं पुसट झालंय आणि पॉट आतून तपकिरी आहे. मी फसले का? यातून रोजचा चहा प्यायला चालेल का? आता छंदच लागलाय. तपियो विर्कालाची काळी किटली एके ठिकाणी बघून ठेवली आहे, पण ती माझ्या अख्ख्या सेटच्या दुप्पट किमतीला आहे. घेऊ का? पुढे काय गोळा करावं? दिवाळीत सांगलीला जाताना थोडे नग न्यायचेत, ते कसे नेऊ? नवरा म्हणतो, एवढ्या कपबश्यांचं करणार काय.’

— एक वाचक, न्यूरेम्बर्ग

उत्तर

स. न. वि. वि.

फसला नाहीत. डमरूसारखा पॉट म्हणजे रोझेन्थाल या जर्मन पोर्सेलीनच्या (चिनी मातीच्या) कारखान्याचा ‘फॉर्म २०००’ हा आकार. तो इतका निघाला की त्याची नक्कल करणं कुणाला परवडलंच नसतं. वस्तू खरी आहे. आजोबांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि ते अर्धं कुठलं हे कळलं की पुढची खरेदी बरीच सोपी होईल.

आधी ‘लोवीचा’. झेल्ब गावच्या या कारखान्याचे संस्थापक फिलिप रोझेन्थाल यांना नाझी राजवटीत, १९३४ साली, ज्यू वंशाचे म्हणून कंपनीतून बाजूला व्हावं लागलं. १९३७ साली ते वारले. त्याच नावाचा त्यांचा मुलगा १९५० साली कंपनीत परतला. आजीच्या काळची फुलंपानं आता अमेरिकेत खपणार नाहीत, हे त्याने ओळखलं आणि न्यूयॉर्कचे डिझायनर रेमंड लोवी यांच्या कचेरीला काम दिलं. लोवी म्हणजे लकी स्ट्राइक सिगारेटच्या पाकिटाला नवं रूप देणारे. नाव त्यांचं मोठं असलं तरी ‘फॉर्म २०००’ कागदावर उतरवला तो मुख्यतः त्यांच्या कचेरीतल्या रिचर्ड लेथम यांनी. म्हणून जाणकार ‘लेथम आणि लोवी’ असं लिहितात. विक्रेता नुसतं ‘लोवी’ म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण त्या नावाचे वेगळे पैसे मोजू नका.

आता ‘१९५४चा’. १९५४ हे आकार बाजारात आल्याचं साल. उत्पादन सत्तरच्या दशकातही चालू होतं, त्यामुळे तुमचा सेट त्यातल्या कुठल्याही वर्षाचा असू शकतो. हे तळावरून ताडता येतं. शिक्क्यात ‘स्टुडिओ-लिनिए’ हे शब्द असतील तर नग १९६१ नंतरचा, कारण ती मालिकाच त्या वर्षी सुरू झाली. ‘क्लासिक रोज’ हे शब्द १९७४ पासूनचे. कुठल्याही कारखान्याच्या मालावर ‘यू. एस. झोन’ दिसलं तर ते युद्धानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतलं, आणि ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘डब्ल्यू. जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधलं. अमेरिकेत विकलेल्या लोवीच्या मालावर ‘कॉन्टिनेंटल’ असंही सापडतं. ब्रशने हाताने काढलेले बारीक आकडे बहुधा रंगवणाऱ्याचे किंवा नक्षीचे असतात. त्यांत साल शोधत बसू नका. ‘बव्हेरिया’ हे तर प्रांताचं नाव. मुंबईच्या चोर बाजारात ‘बव्हेरिया कंपनीचा कप’ म्हणून जे दाखवतात, तशी कुठलीही कंपनी नाही. त्या प्रांतात कितीतरी कारखाने होते.

आणखी एक गोष्ट शिक्क्याजवळच शोधायची. कपाचा आकार एकाचा आणि त्यावरची नक्षी दुसऱ्याची, हे या काळात नेहमीचं होतं. एकाच पांढऱ्या ‘फॉर्म २०००’वर ढीगभर नक्ष्या छापल्या गेल्या. मार्गरेट हिल्डेब्रांड यांच्यासारख्या कापडावर काम करणाऱ्या कलावतीनेही पन्नाशीच्या दशकात रोझेन्थालसाठी नक्ष्या काढल्या. त्यामुळे प्रत्येक नगाच्या नोंदीत दोन रकाने ठेवा, आकार कुणाचा आणि नक्षी कुणाची. तुमची करडी-पिवळी पानं लेथमनी काढली असं गृहीत धरू नका. तळावर नक्षीचं नाव किंवा नंबर असेल तर तो आजच टिपून ठेवा, हरवलेले तीन नग शोधताना तोच लागणार आहे. सहा जणांचा जर्मन कॉफीसेट एकवीस नगांचा असतो: पॉट, दूधदाणी, साखरदाणी, आणि कप, बश्या, केकच्या ताटल्या प्रत्येकी सहा. तुम्हाला एक कप आणि दोन ताटल्या कमी आहेत.

शिक्क्यावरची आडवी रेघ कुणी खोडसाळपणे ओढलेली नाही, ती कारखान्यातच मारलेली आहे. त्यावरून नख फिरवा. झिलई कापली गेली असेल आणि खाली खरखरीत लागलं, तर तो दुय्यम प्रतीचा माल. चिनी मातीची वस्तू भट्टीत जवळजवळ सहावा हिस्सा आक्रसते आणि झिलईच्या भाजणीत १४०० अंशांच्या आसपास मऊ पडते. तेवढ्यात कुठे पोक येतं, कुठे मातीतल्या लोखंडाच्या कणाचा काळा ठिपका उमटतो, कुठे झिलईला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं. असा माल कारखान्यात शिक्क्यावर चरा मारून स्वस्तात विकत. तुमच्या पॉटचा दोष बहुधा डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. तो सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का पाहा, मग दिव्यासमोर हळूहळू फिरवा. वापरायला काहीच अडचण नाही. विकायला गेलात तर किंमत कमी येईल आणि ती तशी यायलाच हवी. रेघ मारलेल्या नगाला पहिल्या प्रतीचा भाव सांगणाऱ्याशी घासाघीस करू नका, पुढच्या टेबलाकडे वळा.

खरी काळजी त्या बद्द वाजणाऱ्या कपाची. पण निकाल देण्याआधी तो नीट वाजवा. कप त्याच्या कानाला, म्हणजे दांडीला, धरलात तर नाद दबतो. तीन बोटांच्या टोकांवर बुडाला तोला आणि लाकडी पेन्सिलीने काठावर हलकेच टिचकी द्या. आता एक गंमत लक्षात येईल: कानाच्या बरोबर वर किंवा बरोबर समोर वाजवलं की स्वर थोडा खालचा येतो, आणि कानापासून पंचेचाळीस अंश बाजूला वाजवलं की वरचा. कानाचं वजन कुठे कंपनात भाग घेतं आणि कुठे घेत नाही, त्याचा हा फरक. धडधाकट कपही दोन स्वर देतो, त्यामुळे नुसता स्वर बदलला म्हणून घाबरू नका. बघायचं ते नाद रेंगाळतो का. सगळीकडे ‘टक्’ होऊन विझत असेल तर कुठेतरी चीर आहे. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा कपाच्या आत धरा. पोर्सेलीनमधून उजेड आरपार झिरपतो आणि चीर केसासारखी काळी रेघ होऊन उभी राहते. ती बहुतेक वेळा काठापासून खाली उतरते, नाहीतर कानाच्या खालच्या सांध्यापासून निघते. कान वेगळा साच्यात ओतून पातळ चिकणमातीने चिकटवलेला असतो, सगळा ताण तिथेच साठतो. कपात कप रचून ठेवल्याने आणि थंड कपात उकळतं ओतल्याने चिरा पुढे सरकतात.

चीर सापडली तर त्या कपातून चहा-कॉफी नको. गरम भरलेला असताना तो हातातच दुभंगू शकतो. डिंक किंवा गोंद भरायच्या फंदात पडू नका. तो केसाएवढ्या चिरेत नीट शिरत नाही आणि पुढे पिवळा पडतो. कपाटात मागच्या रांगेत ठेवा. म्हणजे आता शोधायचे आहेत दोन कप आणि दोन ताटल्या.

बाजारात कप हातात घेतल्यावर एवढं सगळं करायला वेळ नसतो. तिथे तीन गोष्टी पुरतात. नखाचं टोक काठावरून गोल फिरवा. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लगेच लागतो. कानाच्या आतल्या बाजूला बोट घाला. पॉट असेल तर तोटीचं टोक आणि झाकणाची आतली कड बघा. दुरुस्त करून रंगवलेला भाग हाताला बाकीच्या मालापेक्षा किंचित कोमट आणि मऊ लागतो. नाण्याएवढी जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशाची बॅटरी खिशात असली तर आणखी बरं, कारण अनेक गोंद आणि रंग तिच्याखाली झिलईपेक्षा वेगळे चमकतात. भर उन्हात तिचा उपयोग नाही, कोटाच्या आत धरून बघावं लागतं. विक्रेत्यांना याची सवय असते.

सोन्याचं सांगायचं तर गेलेलं सोनं परत येत नाही. ही रेघ म्हणजे झिलईवर लावलेला द्रवरूप सोन्याचा अतिशय पातळ थर, पुन्हा सात-आठशे अंशांवर भाजून बसवलेला. डिशवॉशरमधला क्षार आणि हिरवी घासणी त्याचे वैरी. बाजारात मिळणाऱ्या सोनेरी पेनने रेघ पुन्हा ओढू नका. भाजल्याशिवाय ते टिकत नाही, महिन्याभरात पापुद्रे निघतात आणि उरलेलं खरं सोनंही घाणेरडं दिसतं. कारागिराकडून सोनं लावून पुन्हा भट्टीत घालता येतं, पण जुन्या कपाच्या एखाद्या चिरेत ओल किंवा तेल मुरलेलं असेल तर तिथे काळे डाग येतात किंवा झिलई फुगते. तीन कपांसाठी तो जुगार नको. पुसट सोन्याचे कप रोज वापरा, चांगले दोन पाहुण्यांना ठेवा. सोनेरी कडेचं काहीही मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, ठिणग्या उडतात आणि सोनं जळतं.

पॉटच्या आतला तपकिरी थर दोन गोष्टींचा आहे, कॉफीचा रंग आणि जड पाण्याचा चुना, एकावर एक बसलेले. म्हणून एकच उपाय केला की काम अर्धवट राहतं. आधी लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून पॉट आतून भरा, तासाभराने ओता. याने कॉफीचा थर सुटतो. स्वच्छ धुऊन मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक आम्ल, तेही फक्त आतून आणि अर्धाच तास. पाणी थंड किंवा कोमटच हवं. लोक घाईत उकळतं पाणी ओततात आणि तिथेच चूक होते. गरम सायट्रिक आम्लातून चुन्याचा न विरघळणारा नवाच थर बसतो, तो काढणं पहिल्यापेक्षा कठीण. आम्लाचे ओघळ बाहेरच्या नक्षीवर येऊ देऊ नका. तोटीसाठी बाटलीचा बारीक ब्रश घ्या, किंवा मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी घालून पॉट हळू हलवा. वाळू मात्र नको. तरीही डाग उरला तर दातांची कवळी साफ करायची एक गोळी कोमट पाण्यात टाकून रात्रभर. क्लोरीनच्या ब्लीचला घरात थारा देऊ नका. ते सोनं खातं आणि चिरेत शिरून क्षार मागे ठेवतं. ताटल्यांवर सुरीच्या करड्या रेघा असतील तर बहुतेक वेळा ते ओरखडे नसतात, झिलईवर घासून चिकटलेला सुरीचा धातू असतो. भांडी घासायच्या सौम्य मलमाने तो निघतो, पण फक्त साध्या पांढऱ्या भागावर. नक्षीला हात लावायचा नाही.

रोजचा चहा? चालेल. कपाची आतली बाजू पांढरी आणि कठीण झिलईची असेल तर चहा-दुधाने तिला काही होत नाही. विचार करायचा तो नक्षीचा. कप तिरका धरून उजेडात बघा. पानं झिलईच्या वर किंचित उठलेली किंवा तिच्याहून कमी चमकणारी दिसली, नखाला लागली, तर रंग झिलईवरचे आहेत. त्या काळच्या अशा रंगांत, विशेषतः पिवळा, नारिंगी आणि लाल यांत, शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. युरोपात यासाठी एकसमान मर्यादा १९८४ साली आली, म्हणजे तुमचा सेट त्याआधीचा. ताटलीवर केकचा तुकडा दहा मिनिटं ठेवल्याने काही बिघडत नाही. पण त्याच नक्षीदार ताटलीत लिंबाचं लोणचं, चिंचेची चटणी किंवा कोकम घातलेलं काही तासन्‌तास ठेवू नका, कारण आंबट पदार्थ हे धातू ओढून घेतात. दुसरी सूचना आपल्या चहाची. जर्मन कॉफी गाळणीतून थेंबथेंब उतरते आणि थोडी निवलेली असते. आपण पातेल्यात खळखळ उकळलेला चहा थेट ओततो. जानेवारीत बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटातून काढलेला कप बर्फासारखा असतो, त्याला आधी नळाच्या गरम पाण्याने विसळा आणि मगच चहा ओता.

आता काळी किटली. विर्काला (१९१५–१९८५) हे फिनलंडचे डिझायनर; काचेपासून सुरीपर्यंत सगळ्यात हात असलेले आणि १९५६ पासून रोझेन्थालसाठी काम करणारे. तुम्ही पाहिलेल्या किटलीला उभ्या बारीक पन्हळी असतील तर ती ‘व्हेरिएशन’, १९६२ची. मॅट काळ्या मालाला रोझेन्थालने ‘पोर्सेलेन न्वार’ असं फ्रेंच नाव दिलं. वस्तू देखणीच आहे. पण हा माल पांढऱ्यापेक्षा जपावा लागतो, हे घेण्याआधी ठाऊक असावं. त्यावर चमच्याने ओढलेली रेघ रुपेरी चमकते, तेलकट बोटांचे ठसे उमटतात, जड पाण्याचे थेंब वाळले की पांढरे चट्टे राहतात. आणि काळ्या वस्तूचा टवका झाकायला काळा मार्कर पुरतो. विक्रेत्याच्या परवानगीने कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं द्रव घेऊन तोटीचं टोक, झाकणाची मूठ आणि कानाची बाहेरची वळणं पुसा. बोळा काळा झाला की समजा.

दुप्पट किमतीतला अर्धा वाटा झाकणाचा असतो. कठीण पोर्सेलीनची किटली आणि तिचं झाकण पुष्कळदा एकत्र बसवूनच भाजतात, ती एकमेकांच्या मापाने आक्रसतात. म्हणून दुसऱ्या किटलीचं झाकण, नमुना तोच असला तरी, डुगडुगतं किंवा अडकतं. झाकण बसवून गोल फिरवा. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी घट्ट लागलं तर शंका घ्या. किटली ऑनलाइन बघितली असेल तर विक्रेत्याकडून सहा फोटो मागा: तळ, झाकण उलटं, झाकणाची बैठक, तोटीचं टोक समोरून, कानाचे दोन्ही सांधे, आणि खिडकीच्या उजेडात बाजूने घेतलेला एक. तो हे देत नसेल तर नकार द्या.

घ्यावी का? झाकण बिनदोष आणि तोटी अस्सल असेल तर घ्या, आमची हरकत नाही. एक मत सांगून ठेवतो. पन्हळींचा खरा खेळ पांढऱ्या ‘व्हेरिएशन’वर दिसतो, खिडकीतून आडवा उजेड आला की प्रत्येक पन्हळीत एक फिकट सावली उतरते. काळ्यावर फक्त कडा लकाकतात. पांढरी जास्त मिळते, स्वस्त पडते आणि चहाला निर्धास्त वापरता येते. काळी शोकेससाठी आणि पांढरी टेबलासाठी, असा आमचा हिशेब.

पुढे काय गोळा करावं, हा प्रश्न तुम्ही उशिरा विचारलात, खरं तर तो आधी सोडवायचा. दिसेल ते नामवंत घेत गेलात तर तीन वर्षांत कपाट भरतं आणि त्यात एकही गोष्ट पुरी होत नाही. एक आकार निवडा, किंवा एक कलावंत, किंवा झेल्बच्या आसपासचा मुलूख. तुम्ही न्यूरेम्बर्गला आहात; झेल्ब दीडशे किलोमीटरच्या आसपास. शेजारीच आर्त्सबेर्ग आहे आणि तिथे एक सापळा तुमची वाट बघतोय. आर्त्सबेर्गच्या कारखान्यानेही त्याच १९५४ साली ‘२०००’ नावाचा सेट काढला, हाइनरिश ल्यॉफेलहार्ट यांचा. ऑनलाइन जाहिरातींत ही दोन ‘२०००’ सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. ओळखायला सोपं आहे: रोझेन्थालचा पॉट कमरेत बारीक, आर्त्सबेर्गचा शांत, भरलेल्या पोटाचा. कुठलीही नक्षी नसलेला पांढरा आर्त्सबेर्ग रोजच्या वापराला या काळातला सगळ्यात शहाणा सेट आहे, आणि एकेक नग करत जमवता येतो. पांढराफटक आहे म्हणून लोक त्याच्यावरून पुढे जातात, तो फायदा तुमचा.

रोझेन्थालमध्येच राहायचं असेल तर दोन टोकं बघून ठेवा. एका टोकाला डेन्मार्कचे ब्यॉर्न विनब्लाड, ज्यांना रिकामी जागा सहनच होत नसे. त्यांच्या ‘त्साउबरफ्ल्योटे’ सेटच्या तळांवर मोझार्टच्या त्याच नावाच्या ऑपेरातल्या ओळी छापल्या आहेत, त्यामुळे ताटल्या पालथ्या घालून वाचायचा मोह होतो. दुसऱ्या टोकाला वास्तुकार वॉल्टर ग्रोपिउस यांच्या ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’ या संस्थेचा १९६९चा ‘टॅक’ चहासेट, अर्ध्या चेंडूसारखी किटली. तो आजही बनतो. म्हणून ‘टॅक’ जुना म्हणून घेताना शिक्का बघाच. नव्याला जुन्याची किंमत मोजणारे पुष्कळ भेटतात. विर्कालांच्या कागदी पिशवीसारख्या फुलदाणीचंही तसंच. ती १९७७ची आणि नवीही मिळते. फुलदाणीच हवी तर फ्रिट्स हायडेनराइश यांची १९५०ची, पोट पुढे आलेली फुलदाणी शोधा. तिला जर्मन लोक गमतीने ‘गरोदर लुइझे’ म्हणतात. तिच्यासाठी मात्र खिसा मोकळा ठेवावा लागेल.

बाजारात याच टेबलांवर स्कँडिनेव्हियाचा मालही दिसेल. फिनलंडच्या काय फ्रांक यांचा ‘किल्टा’ (१९५३) सुंदर आहे, पण तो पोर्सेलीन नाही, कमी भाजलेली सच्छिद्र माती आहे. झिलईला जाळी पडली की पाणी आणि चहा आत मुरतो, आणि त्याला वर सांगितलेले उपाय लागू नाहीत. स्टिग लिंडबेर्य यांची हिरव्या पानांची ‘बेर्सो’ १९६१ ते १९७४ मधली, पण २००५ पासून पुन्हा निघू लागली. तिथेही तळ वाचायचा.

यात पैसे गुंतवावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, ते बरं केलंत. या पिढीची घरं आता रिकामी होताहेत, अख्खे सेट एकाच वेळी बाजारात येतात आणि घ्यायला लोक कमी. आवडतं म्हणून घ्या.

सांगलीला नेताना पॉट पहिल्या खेपेला घरीच ठेवा. चार कप, चार बश्या आणि साखरदाणी न्या, हातातल्या सामानातून. प्रत्येक कपाच्या कानाच्या भोकात गुंडाळलेला टिश्यू पेपर अडकवा. कान तुटतो तो बाहेरून लागल्याने कमी, पोकळीवर दाब आल्याने जास्त. मग कप मऊ कागदात, वर फुग्यांचं प्लास्टिक, आणि कप कपात घालायचा नाही. साखरदाणीचं झाकण वेगळं गुंडाळा, जागेवर ठेवून चिकटपट्टी लावू नका. ती काढताना सोन्याची रेघ सोबत निघून येते. बश्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडव्या ढिगात वरचा सगळा भार तळच्या बशीवर पडतो. आत गच्च कोंबायचं नाही, फक्त हलू नये एवढंच. डबा हलवून बघा: आतून काही वाजलं तर पुन्हा उघडा. काही नग मोठ्या बॅगेत घालावेच लागले तर डब्यात डबा, मधे चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर साडी किंवा टॉवेल. वर्तमानपत्राचा कागद थेट लावू नका, विशेषतः झिलई नसलेल्या मॅट मालाला. शाई त्याच्या छिद्रांत बसते.

नवऱ्याला सांगा, चहा प्यायचाय. आणि राहिलेल्या चार नगांसाठी उन्हाळ्यात झेल्बला जा. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे पोर्सेलीनच्या कामगारांची जत्रा भरते, तेव्हा रस्त्यांवर जुन्या मालाची टेबलंच टेबलं लागतात. प्लॉस्बेर्ग भागातल्या रोझेन्थालच्या जुन्या कारखान्यात पोर्सेलीनचं संग्रहालयही आहे, ते त्याच फेरीत होईल. जाताना मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका. एकाच कारखान्याचा पांढरा रंगही वर्षागणिक थोडा निळसर किंवा थोडा पिवळट निघालेला असतो, आणि ते फोटोत कळत नाही. तुमच्या सेटमधली एक बशी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाका आणि प्रत्येक कप तिच्यावर ठेवून बघा.